पाव उंची, पाव टाकी

माझ्या मुलीला गणित येत नाही असं एका यंत्राने ठरवलं, आणि ते ठरवताना त्याने जो प्रश्न विचारला तो प्रश्नच चुकीचा होता. हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांना सांगितलंय की ते आता पाठ झालंय. बहुतेक लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "जाऊ द्या हो ताई, एका प्रश्नानं काय होतंय?" त्या 'जाऊ द्या'ची मला इतकी चीड आली की शेवटी हे सगळं लिहायला बसले.

मी मीनाक्षी बिराजदार. औसा-निलंगा रस्त्यावर एका पंपावर सुपरवायझर आहे. पंपाच्या पुढच्या अंगाला आता गाड्या चार्ज करायचे बारा खांब आहेत. डिझेलचे दोनच पॉइंट मागे उरलेत, हार्वेस्टर, जुने ट्रॅक्टर आणि दवाखान्यांच्या जनरेटरसाठी. डिझेलची टाकी म्हणजे जमिनीखाली आडवा पुरलेला मोठा गोल पिंप. रोज सकाळी विक्री सुरू करायच्या आधी त्यात पितळी गज सोडायचा आणि तो किती उंचीपर्यंत ओला झाला ते वाचायचं. याला आम्ही डिप घेणं म्हणतो. सेन्सर आहे, तरी नियमाने हाताने डिप घ्यावाच लागतो. एकोणीस वर्षं मी तो घेते आहे.

आता ही टाकी आडवी असल्यामुळे उंची आणि लिटर यांचा सरळ हिशेब लागत नाही. तळाशी ती अरुंद, पोटात रुंद, वर पुन्हा अरुंद. तळाच्या दहा सेंटिमीटरमध्ये जेवढं डिझेल मावतं त्याच्या कितीतरी जास्त मधल्या दहामध्ये मावतं. विश्वास बसत नसेल तर पाण्याची गोल बाटली आडवी धरून बघा. आमची टाकी वीस हजार लिटरची. तिची उंची पाव भरली की नवखा माणूस ठोकून देतो, "पाच हजार!" भिंतीवरचा तक्ता सांगतो, तीन हजार नऊशे दहा.

डिपचा आणखी एक नियम आहे. गज नीट वाचता आला नाही, तर जवळचा आकडा लिहायचा नाही. रकाना कोरा सोडायचा आणि पुन्हा डिप घ्यायचा. माझी मुलगी शिवन्या पाच वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत पंपावर यायची. गज पुसून द्यायचं काम तिचं. तिचा बाप सोलापूरला बस डेपोत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळे ती काय शिकली ते शाळेत आणि पंपावर. "अंदाजानं आकडा लिहायचा न्हाई," हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. कुठून दुर्बुद्धी झाली मला!

दहावीनंतर आता बोर्डाच्या गुणांना कोणी विचारत नाही. सहा वर्षांपासून 'निकष' आहे. निकष ही संगणकावरची चाचणी. तिला ठरलेला पेपर नसतो. तुम्ही एक प्रश्न सोडवला की त्यावरून यंत्र पुढचा प्रश्न निवडतं. बरोबर आला तर अवघड, चुकला तर सोपा. पहिल्या पाच प्रश्नांत ते तुमचा जिना ठरवतं, मग त्याच जिन्यावर वर-खाली करत पस्तीस प्रश्नांत तुमची पायरी ठरवतं, आणि ती पायरी म्हणजे तुमचे शंभरपैकी गुण. शिवन्याला पुण्याच्या तंत्रशाळेत उपकरणशास्त्र घ्यायचं होतं. मोजायची यंत्रं बनवायचं शिक्षण. त्याला गणितात ऐंशी लागतात. सराव चाचण्यांत ती नव्वदीच्या खाली कधी आली नव्हती.

तिला अठ्ठावन्न मिळाले.

निकाल बघून ती रडली नाही. वहीच्या मागच्या पानावर तिने एक प्रश्न आठवून लिहिला आणि माझ्यापुढे धरला.

"आई, हे बघ. बारा हजार लिटरची आडवी गोल टाकी. व्यास दोन मीटर. गज पन्नास सेंटिमीटर ओला झाला. किती लिटर?"

"किती?"

"दोन हजार तीनशे सेहेचाळीस. वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढून येतंय, आमच्या पुस्तकातच हाय. पण पर्याय काय दिले? तीन हजार, चार हजार, सहा हजार, नऊ हजार."

"मग तू काय केलंस?"

"तीनदा ताळा केला. सात मिनिटं गेली. मग कोरा सोडला." ती माझ्याकडे बघत राहिली. "जवळचा आकडा लिहायचा न्हाई ना?"

हा पाचवा प्रश्न होता. त्यानंतर यंत्राने तिला खालच्या जिन्यावर सोडलं आणि शेवटपर्यंत टक्केवारी आणि बेरजा विचारत राहिलं. तीसच्या तीस बरोबर सोडवले तरी त्या जिन्याचं छप्पर साठाच्या आतच होतं.

मी तडक हत्तरगे सरांकडे गेले. सर निलंग्याच्या शाळेत गणित शिकवतात, आणि निकष सुरू झालं तेव्हा पहिले प्रश्न ज्या चाळीस शिक्षकांनी दिले त्यांत ते होते. प्रश्न बघून ते हसले.

"टाकीचा ना? हा लई प्रसिद्ध प्रश्न आहे, मीनाताई. तीन वर्षं झाली फिरतोय."

"चुकीचा आहे ना पण?"

"साफ चुकीचा."

"मग काढत का नाहीत?"

सरांनी मला चहा दिला आणि शांतपणे समजावून सांगितलं. सुरुवातीला माणसांनी दोन हजार प्रश्न उत्तरांसकट दिले. त्यावरून यंत्राने मुलांच्या पायऱ्या ठरवल्या. मग ते स्वतःच प्रश्न रचायला लागलं, कारण पंधरा लाख मुलांना पुरतील इतके प्रश्न माणसं कुठून देणार? नवा प्रश्न आधी वर्षभर बिनगुणांचा म्हणून मुलांच्या चाचणीत मिसळतात. वरच्या पायरीवरची मुलं त्याला जे उत्तर देतात ते यंत्र बरोबर धरतं, आणि पुढच्या वर्षापासून त्याला गुण लागतात.

"आणि वरच्या पायरीवर कोण?" मी विचारलं.

"ज्यांची उत्तरं बरोबर येतात ते."

"अहो सर, हे तर शेपूट धरून गोल फिरणारं कुत्रं झालं!"

"सरळ प्रश्नांना चालतं ते. नव्याण्णव टक्के प्रश्न ठीकच असतात. पण हा टाकीचा प्रश्न फसवा निघाला. क्लासची पोरं चाळीस सेकंदांत उत्तर द्यायला शिकलेली. पाव उंची म्हटलं की पाव टाकी, तीन हजार, पुढं चला. जी पोरं थांबून विचार करतात ती इथंच अडकतात. वरची आणि खालची इतकी स्वच्छ वेगळी करणारा प्रश्न दुसरा नाही. यंत्राच्या लेखी हा त्याचा सगळ्यात उत्तम प्रश्न आहे."

माझं डोकं तापलं. "आणि तुम्ही तुमच्या शिकवणीत काय सांगता?"

सर कपाकडे बघत म्हणाले, "तीन हजार."

"खरं उत्तर माहीत असून?"

"माझ्याकडं ऐंशी पोरं आहेत. त्यांचे आईबाप खरं उत्तर मागायला येत नाहीत. शिवन्या माझ्याकडं आली असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं."

चहा तसाच ठेवून मी उठले. इतक्या सज्जन माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आम्ही रीतसर हरकत नोंदवली. शिवन्याने अडीच पानांत आकृतीसकट सगळं मांडलं. मी पंपाच्या तक्त्याचा फोटो जोडला. अकरा मिनिटांत उत्तर आलं. अकरा! तेवढ्या वेळात माणसाचा चष्माही सापडत नाही. उत्तरात लिहिलं होतं: 'सदर प्रश्नास ९४.०२ टक्के सक्षम उमेदवारांनी पर्याय अ निवडला आहे. उत्तर योग्य आहे. हरकत फेटाळण्यात येत आहे.' ज्या यंत्राने चूक केली त्यालाच विचारलं होतं की बाबा, तू चुकलास का? चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

दोनदा अर्ज केल्यावर आणि पंपमालकांच्या ओळखीने एकदा फोन केल्यावर निकष मंडळाच्या विभागीय कार्यालयात सुनावणी मिळाली. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस होते. समोर नाईकनवरे नावाचे साहेब होते. पन्नाशीचे, वागायला सौम्य. मी माझ्या पर्समधली बाटली काढली, तीत पाणी घालून टेबलावर आडवी ठेवली आणि त्यांच्याच पट्टीने उंची मोजून दाखवली. पाव उंचीला पाणी आल्यावर ते सगळं सोबत आणलेल्या मोजपात्रात ओतलं. बाटली लिटरची. पाणी भरलं दोनशे मिलिलिटरच्याही आत.

साहेबांनी मोजपात्र उचलून डोळ्यांसमोर धरलं. मग हळूच खाली ठेवलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी शिवन्याचा हात दाबला.

"पण प्रश्न काढता येणार नाही."

"का?"

"ताई, एका मुलाची पायरी दुसऱ्यांच्या पायरीवरून ठरते. विहिरीच्या बांधकामातली खालची वीट काढली तर वरची सगळी रांग हलते. हा प्रश्न तीन वर्षांत अकरा लाख मुलांना गेलाय. तो काढला तर हजारो मुलांचे गुण बदलतील. जे कॉलेजात शिकतायत त्यांतल्या कित्येकांचे प्रवेश चुकीचे ठरतील. कोण निस्तरणार ते?"

"आणि ज्यांना प्रवेश मिळायला हवे होते ते? ते नाहीत का कोणी?"

त्यावर त्यांनी उठून दार लावलं, परत येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मुलीपुरता मार्ग आहे. चाचणीच्या वेळी स्क्रीन बंद पडला असेल, तर तो प्रश्न पुन्हा विचारायची तरतूद आहे. मी तसं लिहितो. ती आत्ता शेजारच्या खोलीत बसेल, पाचव्या प्रश्नापासून चाचणी पुढे सुरू होईल. पहिला टाकीचाच प्रश्न येईल. तिने पर्याय अ दाबायचा. पुढचं तिचं ती बघेल, हुशार आहे."

"म्हणजे तीन हजार," शिवन्या म्हणाली.

"हो. आणि एक हमीपत्र. या प्रश्नाविरुद्ध पुढे कुठेही तक्रार करणार नाही, केली तर हे गुण रद्द होतील. तुम्हा दोघींच्या सह्या."

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात आलो. साहेबांनी दहा मिनिटं दिली होती.

"मी न्हाई दाबणार," शिवन्या म्हणाली. "स्क्रीन बंद पडलाच नव्हता. आणि उत्तर तीन हजार न्हाईच."

खरं तर मी तिला तिथेच कुशीत घ्यायला हवं होतं. मी काय केलं ते लिहिते, कारण दुसऱ्यांवर एवढी आगपाखड केल्यावर स्वतःला सोडून देणं बरं नाही.

"शिवू, एक बटण हाय ते," मी म्हणाले. "दाब आणि मोकळी हो."

"तूच सांगितलं होतंस ना, अंदाजानं..."

"पंपावरचं सांगितलं होतं! इथं काय डिझेल मोजायलीस का?"

"टाकीचाच प्रश्न हाय, आई."

"चार दिवस राहिलेत. परत कधी बसलीस तरी हाच प्रश्न यील. काय करशील? माझ्यासारखी गज पुसत बसशील जन्मभर? माझी शपथ हाय तुला. दाब."

ती माझ्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत मी एकही खोटा डिप लिहिला नाही. मालकाने सांगितलं तेव्हाही नाही, टँकरवाल्याने हात जोडले तेव्हाही नाही. हे तिला माहीत होतं. तिच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. ती आत गेली.

तिला एक्क्याण्णव मिळाले. घरी येताना बसमध्ये मी पेढ्यांचा पुडा उघडला, तर तिने खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, दमली असेल. औशाचा फाटा आल्यावर ती म्हणाली, "आई, मी आता वरच्या पायरीवर हाय."

"हाय तर! आपली जागाच ती."

"वरच्या पायरीवरच्यांनी जे दाबलं, ते ते बरोबर धरतात. म्हणजे माझं तीन हजारही त्यांनी मोजलं. आता कुणी हरकत घेतली तर त्याला सांगतील, इतक्या टक्के हुशार पोरांनी हेच उत्तर दिलंय. त्या टक्क्यांत मी हाय."

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. काय यंत्र बनवलंय बघा! जे उत्तर चूक आहे हे सिद्ध करायला आम्ही गेलो होतो, त्याच उत्तराच्या बाजूने माझ्या पोरीचं मत घेऊन त्याने आम्हाला परत पाठवलं होतं. आणि ते मत मी, तिच्या सख्ख्या आईने, शपथ घालून द्यायला लावलं होतं. निकषच्या लोकांवर मी अजूनही चिडते, पण त्या दिवसापासून चिडताना जीभ जरा अडखळते.

शिवन्या पुण्याला गेली. अभ्यास चांगला चालला होता. फोनवर सगळं सांगायची, फक्त त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. मीही विषय काढत नव्हते.

तीन महिन्यांनी मला एक अनोळखी फोन आला. उमरग्याचे रफीक मोमीन म्हणून कोणी होते, गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. हत्तरगे सरांनी माझा नंबर दिला होता.

"ताई, माझी मुलगी अल्फिया. जुलैच्या चाचणीला बसली होती. तिनं तो टाकीचा प्रश्न सोडून दिला. आमच्या दुकानामागं जुनी आडवी टाकी आहे, तिला माहीत होतं. आम्ही हरकत घेतली तर असं पत्र आलंय बघा, चौऱ्याण्णव पूर्णांक काहीतरी टक्के सक्षम उमेदवार..."

"हो," मी म्हणाले. "माहीत आहे मला ते पत्र."

"गुरुवारी अकराला सुनावणी आहे. सर म्हणाले, तुमच्या मुलीचंही असंच झालं होतं आणि तिला प्रवेश मिळाला. कसं केलंत ताई? काय सांगावं लागतं तिथं?"

खोटं शिकवणं किती सोपं होतं! स्क्रीन बंद पडला म्हणा, पर्याय अ दाबा, सही करा. माणसाने दुवा देत फोन ठेवला असता. मी म्हणाले, "रफीकभाई, माझ्या मुलीला खरं उत्तर येत होतं. मी तिला चुकीचं दाबायला लावलं. तुम्हाला जे टक्के लिहून आलेत, त्यांत माझी पोरगी आहे."

त्यांनी पत्रातला आकडा पुन्हा हळूच वाचला. मग म्हणाले, "मग मी अल्फियाला काय सांगू?"

"मला एक दिवस द्या," मी म्हणाले.

दुपारी शिवन्याला फोन केला. जेवणाची सुट्टी होती, मागे ताटांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. अल्फिया, टाकी, पत्र, गुरुवार. मग म्हणाले, "मी तिथं जाऊन खरं सांगायचं म्हणते. पण हमीपत्रावर आपल्या सह्या हायेत. मी तोंड उघडलं तर तुझे गुण रद्द होतील. कॉलेज जाईल. म्हणून तुला विचारायलेय. तू न्हाई म्हणालीस तर मी जाणार न्हाई, आणि तुला एका शब्दानं बोलणार न्हाई."

"किती वाजता हाय?"

"अकराला."

"मग तू नको बोलू," ती म्हणाली. "बटण मी दाबलंय. मी येते."

व्हरांड्यात दहा मिनिटं मी तिच्याशी भांडले होते, शपथ घातली होती. या वेळी मी फक्त कोणत्या गाडीने येणार ते विचारलं.